माती खाऊन पोरं घट्ट होतात म्हणे

आज बडोद्याच्या कमाटीबागेत डोकंच फिरलं. दीडेक वर्षाचं बाळ मूठभर माती तोंडात कोंबतंय, घरचे मोबाईलवर व्हिडिओ काढतायत, आणि माझी वहिनी धावत जाऊन त्याच्या तोंडात बोट घालून माती काढायला लागली. बाळाचे आजोबा हसून, "अहो ताई, यशोदेनं तरी एवढं केलं होतं का!" वहिनी गप्प. मला बोलायचंय.

दादा तीन वर्षं झांबियात, काब्वेला नोकरीला होता. शिसं-जस्ताच्या खाणीचं गाव, नव्वदेक वर्षं खाण चालली, 1994 ला कुलूप लागलं आणि कचऱ्याचे ढिगारे तसेच उघड्यावर, वारा सुटला की धूळ घराघरात. 1921 मध्ये त्याच खाणीत आदिमानवाची कवटी सापडली, ती बरोब्बर उचलून लंडनला नेली हो, शिसं तेवढं तिथल्या पोरांना ठेवलं!

तर वहिनी आपली बडोद्याच्या सवयीने सकाळ-संध्याकाळ अंगण झाडायची. सडा घालायला पाणी कुठलं, नळ दिवसाआड, मग कोरडंच. मागे आमचा छोटू रांगत, हात तोंडात. रक्त तपासलं तर शिसं डेसिलिटरमागे 19 मायक्रोग्रॅम. डब्ल्यूएचओ म्हणते 5 मायक्रोग्रॅमला पोचलं की कुठून येतंय ते शोधा. डॉक्टर म्हणाले कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. म्हणजे इतकी वर्षं ती स्वच्छता म्हणून जे... जाऊदे.

हो, मान्य, कमाटीबाग म्हणजे काब्वे नाही. पोरांनी मातीत खेळावं, तेही मान्य. खाणीवर कित्येक घरं जेवली, बरं बाबा, जेवली. पण "खाण बंद झाली ना, मग आता काय" असं दादाच्याच मित्राने मला ऐकवलं होतं! शिसं काय पालापाचोळा आहे कुजून जायला? शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, लहान पोरांच्या पोटातून मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त आत शिरतं आणि मेंदूचं जे जातं ते परत येत नाही. इतकं चालेल असा आकडाच नाहीये.

त्या आजोबांवर राग नाही खरं तर. आमची आजी पण हेच म्हणाली असती.

छोटू आता आठवीत. गणितात अडकतो. दादा म्हणतो आपल्या घराण्यात गणित धड कुणाचं होतं, सगळे हसतात, वहिनी सोडून. आत्ता रात्रीचे साडेदहा झालेत, मी हे टाइप करतोय आणि ती बाहेरच्या खोलीत ओलं फडकं फिरवतेय.