पान वळलं म्हणजे बोकड्याच, असं नाही

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी गच्चीवरची टोमॅटोची ४ झाडं उपटली. त्यातल्या दोन झाडांना लिंबाएवढी फळं लागलेली. कारण बोकड्याबद्दल, म्हणजे पानं आकसवणाऱ्या विषाणूच्या रोगाबद्दल, व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: "टोमॅटोचं पान वळलं की बोकड्या समजा. झाड उपटा, कुंडीतली माती फेका, फळं खाऊ नका, विषारी असतात. बाकीच्या झाडांवर आंबट ताक-हळद फवारा, रोग ८ दिवसांत जातो." टाकलेली झाडं मी हातात घेऊन बघितली. शेंडे हिरवेगार. वळली होती ती फक्त खालची पानं. बोकड्या नव्हताच, फार वाईट वाटलं.

पान वळलं की रोग, हेच मुळात चूक. कुठलं पान वळलंय ते आधी बघा. खालची जुनी पानं सुरळीसारखी वळलीत, हाताला जाड, चामड्यासारखी लागतात, पण रंग हिरवाच आणि शेंडा जोमात वाढतोय, तर तो उन्हाचा आणि पाण्याचा ताण. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, त्यात आमच्या भागात नळ ४ दिवसांआड. पाणी आलं की आपण कुंडी तुडुंब भरतो, टाकी तळाला गेली की हात आखडतो. झाड पान मिटून अंगातलं पाणी राखतं. रोज सकाळी थोडं थोडं पाणी द्या, मातीवर पाचोळा पसरा, दुपारी १२ ते ४ सावली करा. वळलेली पानं कदाचित तशीच राहतील, पण त्यानं झाड मरत नाही.

बोकड्या शेंड्याकडून दिसतो. नवी पानं बारीक, वाटीसारखी वर वळलेली, कडा आणि शिरांमधला भाग पिवळट. पेरं आखूड होऊन शेंडा झुडपासारखा गच्च होतो, फुलं गळतात. हा विषाणू पांढरी माशी आणते. झाड हलकं हलवा. पानांखालून पांढरी पूड उडाल्यासारखं दिसलं तर तीच. (शेंड्याची पानं खाली वळून कडक झाली असतील तर कोळी ही रस शोषणारी बारीक कीडही बघा.)

ताक-हळदीनं हा रोग जात नाही, कुठल्याच औषधानं जात नाही. विषाणू पानावर नसतो, झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत असतो. फवारा तिथे पोचत नाही.

फळं विषारी नसतात. हा विषाणू माणसाला बाधत नाही.

खरा बोकड्या असेल तर मात्र झाड काढायलाच हवं, एवढं त्या मेसेजचं बरोबर. ते सकाळी लवकर, माशी सुस्त असताना, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून काढा, म्हणजे माशा शेजारच्या मिरची-वांग्यावर उडणार नाहीत. पिवळे चिकट सापळे लावा. पुढच्या वेळी बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा टोमॅटोचा वाण मिळाला तर तो लावा, तो या रोगाला दाद देत नाही.

आणि माती फेकू नका. हा विषाणू मातीत टिकत नाही, त्याला जिवंत झाड लागतं. काकूंनी शेणखत घालून तयार केलेली माती तिसऱ्या मजल्यावरून खाली आणून ठेवलीय, पोती अजून जिन्यात आहेत. उद्या आम्ही दोघी ती परत वर नेणार आहोत.