माझा बॅकलॉग आणि लातूर पॅटर्न

लातूर शहरात ‘बॅकलॉग’ हा शब्द कानावर पडला, की बोलणाऱ्याच्या घरात बारावीचे मूल आहे आणि त्याचे फिजिक्सचे चार धडे मागे राहिले आहेत, असे ऐकणारा गृहीत धरतो. २०२४ च्या डिसेंबरात आमच्या घरात हा शब्द माझ्या संदर्भात उच्चारला गेला, तेव्हा मी ४३ वर्षांचा होतो, एका पतसंस्थेत हिशेबनीस होतो आणि माझे शिक्षण संपून २० वर्षे उलटली होती. माझे राहिले होते ते गेम. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात माझ्या नावावर १४३ गेम होते आणि त्यांतले ६१ मी विकत घेतल्यापासून एकदाही उघडले नव्हते. हा आकडा काढून झाल्यावर मी हिशेबनिसाच्या सवयीने पुन्हा एकदा मोजणी केली, पण फरक पडला नाही.

इतके गेम साचले कसे, हे सांगणे अवघड नाही. स्टीमवर वर्षातून काही वेळा मोठा सेल लागतो, तेव्हा दीड हजाराचा गेम तीनशेला मिळतो, आणि तो घेतला नाही तर आपले बाराशे रुपये बुडाले, असे मनाला पटते. दिवसभर दुसऱ्यांच्या थकबाकीवर लाल शाईने शेरे मारणारा मी रात्री घरी येऊन हे बाराशे रुपये निमूटपणे जमेच्या बाजूला धरतो. आमची सौ. गंजगोलाईत साडी घ्यायला जाते, तेव्हा तिथे येऊन मिळणाऱ्या १६ रस्त्यांपैकी कोणत्याही रस्त्याने आत शिरली, तरी साडी घेऊनच बाहेर पडते, हे खरे. पण ती साडी निदान संक्रांतीला नेसली जाते. मी घेतलेल्या मालाची घडीसुद्धा मोडली जात नाही.

संकल्प करण्याची वेळ मात्र येळवशीने, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या आमच्याकडच्या वेळ अमावस्येच्या सणाने आणली. त्या वर्षी ती ३० डिसेंबरला, सोमवारी आली होती. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा झाली, आंबील शिंपडत शेताला फेरी झाली, आणि भज्जी, उंडे व वर दोन तांबे आंबील पोटात गेल्यावर माणसाचे जे होते ते माझे होऊन मी बाभळीखाली आडवा झालो आणि मोबाइलवर ‘स्टारड्यू व्हॅली’ उघडला. २०१६ साली आलेला हा शेतीचा गेम एका माणसाने काही वर्षे एकट्याने खपून तयार केलेला आहे. त्यात सुरुवातीला पार्सनिप नावाचे पांढऱ्या गाजरासारखे कंद लावायचे, त्यांना रोज झारीने पाणी घालायचे आणि चार दिवसांत पीक काढायचे. मी झारी उचलली आणि मागून आप्पांचा आवाज आला.

“काय करायलास रे?”

“पाणी द्यायलाव.”

आप्पांनी सवयीने विहिरीकडे पाहिले. मोटार बंद होती. मग ते शेजारी टेकले, उपरण्याने चष्मा पुसला आणि पडद्यावरच्या वाफ्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

“बी कितीचं?”

“वीसचं.”

“इकतंय कितीला?”

“पस्तीसला.”

“आन् अडत?”

अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. संध्याकाळी घरासमोरच्या पेटीत माल टाकायचा, की सकाळी पैसे जमा होतात, असे मी त्यांना सांगितले. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना त्याहून कमी भावात माल घालून आलेल्या माणसाला अशी पेटी दाखवणे बरे नव्हे, हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवे होते. पण मी उत्साहाच्या भरात पुढचेही सांगून टाकले, की त्यातल्या टीव्हीवर उद्याच्या पावसाचा अंदाज सांगतात आणि तो खरा ठरतो. आप्पा उठले, धोतर झटकले आणि म्हणाले, “हितं खरा हरभरा उभा हाय. त्याला कुणी पाणी द्यावं?”

त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्री बाराला येत होती. मोटार सुरू करायला मी स्वतः गेलो आणि मफलर बांधून, हातात बॅटरी घेऊन, बांधावर कुडकुडत उभा असताना मी नव्या वर्षाचे संकल्प केले. जुने गेम संपेपर्यंत नवा गेम घ्यायचा नाही. महिन्याला एक याप्रमाणे वर्षात १२ गेम पूर्ण करायचे. रात्री अकरानंतर खेळायचे नाही. अडल्यास यूट्यूबवर उत्तर बघायचे नाही. आप्पांच्या देखत शेती करायची नाही.

दुसऱ्या दिवशी लातूरला परतल्यावर मी हे संकल्प भाच्याला दाखवले, ही माझी चूक झाली. तो नीटच्या तयारीसाठी दोन वर्षे आमच्याकडे राहत होता, आणि लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलापुढे अपूर्ण कामाची यादी ठेवणे म्हणजे मांजरापुढे दुधाचे पातेले उघडे ठेवण्यासारखे असते. त्याने जुन्या ओएमआर शीटच्या पाठीवर पट्टीने रेघा मारून माझे वेळापत्रक आखले. “मामा, नवीन चॅप्टरला हात लावायच्या आधी बॅकलॉग क्लिअर करायचा. रोज पंचेचाळीस मिनिटं. रविवारी रिव्हिजन.” गेमची रिव्हिजन म्हणजे काय, असे मी विचारले नाही, कारण त्याच्या डोळ्यांत मला त्याच्या क्लासच्या सरांचे डोळे दिसत होते.

जाता जाता त्याने माझे निदानही केले. गेमिंग डिसऑर्डरला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात स्थान मिळालेले आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे, ही माहिती त्याने मला पुरवली. मी हादरलो. पण तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही घाबरू नका. त्यासाठी गेम खेळावा लागतो.”

संकल्प १ जानेवारीपासून लागू होणार होते, आणि स्टीमचा सेल २ जानेवारीपर्यंत होता. श्रावण उद्यावर आलेला असताना मराठी माणूस आदल्या दिवशी जे करतो तेच मी ३१ डिसेंबरच्या रात्री केले, आणि त्या गटारीत तीन नवे गेम घेतले. १ तारखेला सकाळी चौथा एक गेम ८० टक्के सुटीत दिसला, तेव्हा काही क्षण माझी घालमेल झाली. परंतु स्टीम चालवणारी कंपनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडची असून तिथे आपल्या दुपारी दीडपर्यंत ३१ डिसेंबरच असतो, हे ध्यानात येताच माझे समाधान झाले. सव्वा वाजता मी पैसे भरले. बॅकलॉग ६५ वर गेला.

जानेवारीसाठी वेळापत्रकात ‘द विचर ३’ होता. २०१५ सालच्या या गेमचा नायक राक्षस मारणारा भाडोत्री वीर असून तो मुलीसारख्या वाढवलेल्या एका तरुणीला शोधत देशोदेशी हिंडत असतो. शोध तातडीचा आहे, हे गेममधले प्रत्येक पात्र आपल्याला बजावते. पण त्याच गेममध्ये खानावळवाल्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत बरेच जण ग्वेंट नावाचा पत्त्यांचा डाव खेळायला तयार असतात, आणि मी पहिल्याच गावात त्या डावाला जो बसलो तो संक्रांत आली तरी उठलो नाही. आई तेव्हा तिळगुळाच्या निमित्ताने लातूरला आली होती. तिने मागे उभी राहून सगळी कथा माझ्याकडून समजून घेतली आणि आत जाऊन सौ.ला सांगितले, “पोरगी हरवलीय त्येची, आन् ह्यो पत्ते खेळत बसलाय.” त्या रात्री मी शोधाला निघालो खरा, परंतु वाटेतल्या एका गावात एक दुर्मीळ पत्ता मिळण्यासारखा होता.

फेब्रुवारीत ‘एल्डन रिंग’ घेतला. हा गेम ज्यांनी खेळला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की त्यात मेल्यावर जमवलेली सगळी पुंजी मेल्या जागी पडते आणि ती उचलण्याआधी पुन्हा मेलो, तर कायमची जाते. पतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटू नये, पण मला ती फार लागली. किल्ल्याच्या वाटेवर काठी घेऊन उभा असलेला मार्गिट नावाचा एक शिंगवाला म्हातारा मला रोजच्या पंचेचाळीस मिनिटांत १५ ते २० वेळा मारत असे. एकदा भाचा पाण्याची बाटली भरायला आला, पडद्यावर माझ्या मृत्यूची घोषणा झालेली पाहून थांबला आणि म्हणाला, “आमच्याकडं उत्तर चुकलं, तर एकच मार्क जातो.” मी हेडफोन काढून ठेवला.

मार्चबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ज्याच्या नोकरीत ३१ मार्च येतो, त्याला मार्च काय असतो हे ठाऊक असते. एप्रिलमध्ये लॅपटॉपचा पंखा उन्हाने असा घरघरायला लागला, की सौ.ने कूलर बिघडला म्हणून मिस्त्रीला फोन केला. चार महिन्यांत पूर्ण झालेल्या गेमची संख्या शून्य होती, आणि भिंतीवरच्या ओएमआर शीटवर भाचा दर रविवारी न बोलता एक तांबडी फुली मारत होता.

मग ४ मेला त्याची नीट झाली. १८० प्रश्न सोडवून तो घरी आला, आंघोळ केली, दोन दिवस झोपला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मामा, तुमचा पासवर्ड द्या.” त्यानंतर मी संस्थेत जायचो आणि तो माझ्या टेबलाशी बसायचा. वेळापत्रक तेच, पण पंचेचाळीस मिनिटांच्या जागी आठ तास आणि मध्ये दहा मिनिटांचा ब्रेक. मार्गिट त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधी मारला. हरवलेली मुलगी नऊ दिवसांत सापडली. मी संध्याकाळी घरी आलो, की तो मला माझ्याच गेमचा शेवट तोंडी सांगायचा, वर दोन प्रश्न विचारून मला कळले की नाही हेही तपासायचा.

ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्या दिवशी आप्पांचा फोन आला. “तुझं ते बंद झालं म्हणं.” तो कायदा पैसे लावून खेळण्याच्या खेळांपुरता आहे आणि माझ्या गेमना लागू नाही, असे मी सांगितले. “म्हंजे पैशे जात न्हाईत त्यात?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी रेंज गेल्याचे सांगून फोन ठेवला.

डिसेंबरात स्टीमने माझ्या वर्षाचा आढावा पाठवला. त्यात माझे अभिनंदन केले होते. मी वर्षात १९ गेम खेळलो होतो, उन्हाळ्यात सलग ३४ दिवस एकही खाडा न करता खेळलो होतो, आणि आलेखातले मे व जूनचे खांब बाकीच्या महिन्यांच्या कितीतरी वर गेले होते. हा आढावा मी उघडा ठेवून चहा आणायला गेलो आणि परत आलो तेव्हा सौ. तो वाचत होती.

“अहो, जूनमध्ये घराला रंग द्यायचा होता, तेव्हा तुमची पाठ धरली होती ना?”

आता मी एक तर सलग ३४ दिवस खोटे बोललेला नवरा ठरणार होतो, किंवा पाच वर्षांत जे जमले नाही ते १८ वर्षांच्या पोराकडून करून घेतलेला मामा. मी पाठीला हात लावला आणि खुर्चीत बसलो. रात्री नांदेडहून भाच्याचा फोन आला. तो तिथे एमबीबीएसला लागला आहे. “मामा, बारापैकी अकरा झालेत. एक तुमच्यासाठी ठेवलाय, सोपा आहे,” असे म्हणून त्याने ‘स्टारड्यू व्हॅली’चे नाव घेतले.

१८ डिसेंबरला पुन्हा सेल लागला आणि १९ ला येळवस आली. या खेपेला मी काही विकत न घेता शेतावर गेलो. सप्टेंबरच्या पावसात आमच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी होते. काढायला काही उरलेच नव्हते. पूजा झाली, भज्जी झाली, आणि माझ्या संकल्पाप्रमाणे मी मोबाइल खिशात ठेवून बाभळीखाली नुसता बसलो. आप्पा शेजारी येऊन टेकले. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

“त्यात उद्याचा पाऊस खरा सांगतेत, म्हणला होतास न्हवं?”

मी गेम उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला. झारी कुठे आहे, पेटी कुठे आहे, हे मी बोटाने दाखवायला लागलो, पण आप्पांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी आधी घरात जाऊन टीव्ही लावायला सांगितला.