व्हीटीचा वाघ

शनिवारी लेकीला घेऊन क्रॉफर्ड मार्केटला गेलो होतो, शाळेचं दप्तर घ्यायला. वय वर्षं पाच. मी बारा वर्षं रोज मुलुंड-व्हीटी करतोय (सीएसएमटी अजून तोंडात बसत नाही), त्यामुळे तिथला कुठला पेव्हर ब्लॉक हलतो हेसुद्धा पाठ आहे अशा भ्रमात होतो.

सुरुवात ट्रेनमध्येच झाली. डबा बऱ्यापैकी रिकामा, बाईसाहेब मान वर करून बसलेल्या. म्हटलं काय बघतेस, तर म्हणे "ते कवायत करतायत." कोण? तर वरच्या पकडायच्या कड्या! गाडी सांधा बदलताना सगळ्या एकदम डावीकडे, मग एकदम उजवीकडे, आणि एक कडी एका काकांनी धरून ठेवलेली म्हणून ती हलत नव्हती, तर "त्याला टीचरने शिक्षा केलीये."

स्टेशनातून बाहेर पडून मार्केटकडे निघालो, मी पुढे, ती हाताला लोंबकळत मागे. आणि व्हीटीच्याच हेरिटेज बिल्डिंगच्या गेटपाशी जी थांबली ती थांबलीच. "बाबा, वाघ!"

खरंच वाघ. गेटच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, दगडाचे. सिंह बघितल्याचं अंधुक आठवत होतं, वाघ आहे हे शपथेवर माहीत नव्हतं. तिथेच उभं राहून मोबाईलवर शोधलं. सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे आपण. इमारतीचं काम 1878 ला सुरू झालं, पुरी दहा वर्षं चाललं आणि भिंतींवरचं बरंचसं कोरीवकाम आपल्या जेजे आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलंय. पानं, पक्षी, प्राणी, काय वाट्टेल ते. मी वाचेपर्यंत हिने एक मोर शोधला होता.

आता ते "मुलांकडून शिका, मुलं म्हणजे देवाघरची फुलं" टाइप फॉरवर्ड मला जाम डोक्यात जातात. देवाघरचं फूल काल रात्री टॅबसाठी फरशीवर लोळत होतं. तिला वाघ दिसला कारण तिला मस्टर गाठायचं नाही, 9.52 चुकली तर लेटमार्क नाही, बस्स. मलाही पाचव्या वर्षी दिसलाच असता की, पण तेव्हा माझा हात धरून कुणीतरी ओढत असणार, आणि आता ओढणारा मी आहे. कारण दप्तराच्या दुकानात तिने शांतपणे हिशोब दिला, "बाबा, तू घरापासून नऊ वेळा चल लवकर म्हणालास." बोला आता.

मग जरा भरपाई करावी म्हणून मार्केटच्या दारावर बोट दाखवून मोठ्या आवाजात माहिती द्यायला लागलो, की ते बघ वर, दगडात शेतकरी कोरलेत, इमारत 1869 ची, ते कोरीवकाम लॉकवुड किपलिंगचं, म्हणजे मोगलीची गोष्ट लिहिली ना त्याचे बाबा. (हे मात्र आधीपासून माहीत होतं, म्हणून एवढी ऐट.)

ती वर बघतच नव्हती. फुटपाथच्या कडेला एक पाटीवाले मामा आपल्याच पाटीत अंगाची जुडी करून झोपले होते, पाय तेवढे बाहेर, तोंडावर गमछा, आणि गमछा श्वासाबरोबर वरखाली होत होता. ती उकिडवी बसून ते बघत होती. मी पुढे काहीतरी बोलणार तेवढ्यात तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हळू ना."