आवाजावर चालणारा स्टँड

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात निघालेल्या एकाही फोटोत मी नाही. आणि तरी मी सगळ्यांत आहे. आत्याचा डावा गाल बघा. खिडकीकडे पाठ असूनही त्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते ना? तो उजेड माझा. भाचीच्या हनुवटीखाली काळोख साचलेला नाही, तोही माझ्यामुळेच. त्या वेळी मी जमिनीवर पालथा पडून थर्माकोलचा तुकडा वर धरला होता, आणि एक मुंगी माझ्या कोपरावरून काखेकडे निघाली होती. हलायची परवानगी नव्हती.

वडील हयात असताना मला वरचेवर विचारायचे, ‘आयुष्यात काय उजेड पाडलास?’ आता उत्तर आकड्यात देता येतं. एक स्टॉप. म्हणजे सावलीतला उजेड दुप्पट. पण विचारणारे राहिले नाहीत.

बायकोने फोटोग्राफी शिकायला घेतली तेव्हा पहिला आठवडा मी निवांत होतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश, फ्लॅशचं तोंड थेट माणसाकडे, कळ दाबली की काम झालं. पहिलं गिऱ्हाईक आत्या. फोटोत तिचा चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली आणि डोळे लालभडक. आत्याने तो हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाली, “मी गेल्यावर लावायला ठेव हा. तोवर कुणाला दाखवू नकोस.”

लाल डोळ्यांचं कारण मी तिला समजावून सांगितलं. फ्लॅश लेन्सला खेटून असला की उजेड बाहुलीतून आत शिरतो, डोळ्यामागच्या रक्ताने भरलेल्या थरावर आपटतो आणि आल्या वाटेने थेट लेन्समध्ये परततो. “म्हणजे अंगात रक्त आहे अजून,” आत्या म्हणाली. तिला एवढंच हवं होतं.

त्यानंतर बायकोला साक्षात्कार झाला की उजेड माणसावर टाकायचा नसतो, तो आधी दुसऱ्या कशावर तरी आपटवायचा असतो. कारण साधं आहे. उजेड जिथून येतो ती जागा माणसाच्या मानाने जेवढी मोठी, तेवढ्या सावलीच्या कडा मऊ. फ्लॅशचं तोंड काडेपेटीपेक्षा थोडंसंच मोठं. तेच छताकडे वळवलं की छताचा चांगला मोठा तुकडाच दिवा होतो. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या घरातल्या शांततेचा शेवट तिथेच झाला, कारण त्या दिवसापासून बायको घराकडे घर म्हणून बघेनाशी झाली. कपाट, पडदा, चादर, माझा सदरा, ज्या त्या वस्तूकडे ती ‘ही किती उजेड परत देईल’ अशा सावकारी नजरेने बघू लागली.

छताने पहिल्या दिवशीच हिसका दाखवला. उजेड सरळ डोक्यावरून कोसळला आणि आत्याच्या डोळ्यांच्या खोबणीत दोन विहिरी तयार झाल्या. शिवाय वर जाऊन खाली येईस्तोवर त्या उजेडाचा जीवच जातो. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड निम्मा होत नाही, चौथाई उरतो. त्यातला काही वाटेत छत खाऊन टाकतं. मग फ्लॅशला सगळा दम लावावा लागतो, आणि प्रत्येक फोटोनंतर तो डासासारखा कुंईऽऽ करत पुन्हा भरत बसतो. तेवढ्या वेळात आत्याची डुलकी होते.

मग भिंत. बाजूच्या भिंतीवरून उजेड आणला की चेहऱ्याला गोलाई येते, म्हणे. आली. पण आमची भिंत फिकट हिरवी, आणि भिंत उजेड परत देते तो स्वतःच्या रंगात बुचकळून. आत्याचा एक गाल शेवाळ धरल्यासारखा दिसू लागला. बायकोने कॉम्प्युटरवर तो हिरवा काढला, तर खिडकीकडचा दुसरा गाल जांभळट झाला. तो सुधारला, तर पहिला पुन्हा हिरवा. दोन गालांवर दोन रंगांचा उजेड पडला असेल तर एकच औषध दोघांना लागू पडत नाही. रात्री साडेअकराला तिने शांतपणे विचारलं, “अहो, या भिंतीचा रंग कुणी निवडला होता?” पुढच्या रविवारी भिंत पांढरी झाली. रंगवली कुणी, हे सांगायला नकोच.

यानंतर घरात रिफ्लेक्टर आला. आता हा प्राणी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: गोल, कापडी, कडेला पोलादी पट्टीची स्प्रिंग. लहानशा पिशवीत घडी होऊन बसतो. चेन उघडली की फट्कन हातभर उडी मारून पुरुषभर होतो. आमचा माझ्या चष्म्यावर आपटून मोठा झाला. त्याला पाच रूपं आहेत. पांढऱ्याने उजेड सौम्य येतो. चंदेरीने इतका कडक येतो की आत्याने डोळे गच्च मिटले आणि भाचीने हात जोडून माफी मागितली. सोनेरी हा संध्याकाळच्या उन्हासारख्या उजेडासाठी असतो म्हणतात. आमच्याकडे सगळ्यांना कावीळ झाली. मधलं अर्धपारदर्शक कापड उन्हापुढे धरायचं. आणि काळा? काळा उजेड शोषून घेतो, म्हणजे गालावर नको असलेला उजेड घालवतो. बायकोच्या मते हे काम मला रिफ्लेक्टरशिवायही जमतं.

तो उघडणं म्हणजे काहीच नाही. बंद करून बघा. पद्धत अशी: समोरासमोरच्या दोन कडा धरायच्या, एक तळवा वर, एक खाली, आणि दोन्ही हात उलट दिशांना पिळायचे. त्याचा आठाचा आकडा होतो, आठ स्वतःवर कोसळतो आणि तीन वेटोळी एकमेकांवर बसतात. भाची हे दोन सेकंदांत करते. मी पिळलं तेव्हा आठ झाला, मग नऊ झाला, मग माझा डावा हात आत आणि मान बाहेर अशी काहीतरी स्थिती आली. मी त्याच्यावर बसून पाहिलं. तो मला घेऊन उठला. तीन दिवस तो दाराआड उभा होता, आणि दार लोटलं की पलीकडून कुणीतरी परत लोटत असे.

बाहेरच्या वाऱ्यात तो धरण्याबद्दल मी लिहिणार नाही. शीड कसं काम करतं ते मला कळलं, एवढं पुरे.

पण खरी परीक्षा आत्याच्या चष्म्याने घेतली. खरखरीत भिंत उजेड चहूकडे उधळते, तिच्यापुढे थोडं इकडेतिकडे चालतं. काचेपुढे चालत नाही. तिथे कॅरमचा नियम: सोंगटी ज्या कोनात कडेला आपटते त्याच कोनात परत फिरते. त्यामुळे चष्म्यात डोळ्यांऐवजी दोन पांढऱ्या थाळ्या दिसत होत्या. मग कवायत सुरू झाली. “अहो, डावीकडे. तुमच्या नाही, माझ्या डावीकडे. वर. इतकं नाही. तिरका करा. रिफ्लेक्टर तिरका करा हो, तुम्ही कशाला तिरके होताय?” शेवटी उपाय निघाला तो अगदीच फुटकळ: चष्म्याच्या काड्या कानांवरून बोटभर वर उचलल्या, काचा किंचित खाली झुकल्या, थाळ्या जमिनीकडे निघून गेल्या. मी मात्र तेव्हाही एका पायावर होतो.

अशा माणसाला फोटोग्राफर मंडळींत ‘आवाजावर चालणारा स्टँड’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. जगभर चालत आलेला विनोद आहे. खरा स्टँड हुकमानुसार सरकत नाही, ही त्याची उणीव. तो स्टँड ऐकून घेत नाही, हे त्याचं सुख.

मध्यंतरी एका रात्री कोरीएवढा चंद्र होता आणि त्याचा उरलेला काळा भागही धुरकट दिसत होता. मी गॅलरीत बायकोला म्हटलं, “तो अंधुक उजेड पृथ्वीवर आपटून तिकडे गेलेला असतो. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी वहीत लिहून ठेवलंय. आणि चंद्र तरी काय, पडलेल्या उजेडातला शेकडा १२ च्या आसपास परत देतो, जुन्या डांबरी रस्त्याइतका. माझा थर्माकोल त्याच्या कितीतरी पट उजळ आहे.”

“असेल,” ती म्हणाली, “पण तो न सांगता वेळेवर येतो.”

गेल्या महिन्यात आत्याचा फोटो अखेर जमला. खिडकी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, पांढरं कापड, फ्लॅश बंद. आत्या कशावरून तरी हसत होती. माझ्यावरूनच असावी. बायको कॉम्प्युटरवर तो मोठा करत गेली. आधी चेहरा, मग डोळा, मग नुसतं बुबुळ. बुबुळात खिडकीचा लहानसा चौकोन, शेजारी पांढरं वर्तुळ, वर्तुळाच्या वर अर्धं टक्कल आणि खाली दोन काड्या.

“डोळ्यात कचरा दिसतोय,” ती म्हणाली, “पुसून टाकते.”

“अगं, तो मी आहे.”

तिने चष्मा वर करून स्क्रीनजवळ जाऊन नीट पाहिलं.

“हो की! मग जरा पोट आत घ्यायचं होतं.”