मिशी, टाय आणि चकाकी: पुरे करा आता!

पुरुषासाठी घरी व्हॅलेंटाइन कार्ड करायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोक्याला एकच लकवा मारतो. निळा कागद, वर काळी मिशी, खाली टाय. नवरा असो, बाबा असोत, नाहीतर तिसरीतला पोरगा, मिशी आहेच. अहो, आठ वर्षांच्या मुलाला मिशी कशाला? मुलींच्या कार्डासाठी गुलाबाची एकेक पाकळी कातरणारे हात मुलग्याची पाळी आली की पाच मिनिटांत झटकून मोकळे!

बरं, टायच काढायचाय ना? मग तो तरी धड काढा. ए४ कागद मधोमध दुमडून १४.८ बाय २१ सेंटिमीटरचं कार्ड होतं. मागच्या पानाची वरची अडीच सेंटिमीटर पट्टी कापून टाकायची. पुढच्या पानावर त्याच उंचीवर दोन्ही कडांतून आत फक्त पाच-पाच सेंटिमीटर कापायचं आणि ती टोकं तिरकी दुमडून मध्ये आणायची, झाली कॉलर. इथे लोक सहा-साडेसहापर्यंत कात्री चालवतात. मधला गळा दोन सेंटिमीटरचा उरतो आणि कार्ड दोनदा उघडलं की फाटतो. वर कॉलरला ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड कागद! तो तिरका दुमडला की चिरतो आणि शिंग उगारल्यासारखा वर उठतो. २०० जीएसएम पुष्कळ झाला.

कागदाचं तर नावच काढू नका. आमच्या गोव्यात म्हापशाच्या बाजारातून आणलेली कार्डशीट रबर लावून गुंडाळलेली असते. २२ बाय २८ इंचाच्या शीटमधून एकाच दिशेने कापले तर ए४ चार निघतात, आणि चारही पन्हाळीसारखे वाकलेले. उलट्या बाजूने सैल गुंडाळून, मग उलगडून रात्रभर जड वह्यांखाली ठेवल्याशिवाय त्यांना कात्री लावायची नसते. पण एवढा धीर कोणाला? शिवाय कागदाच्या तंतूंना एक दिशा असते. हलक्या हाताने दोन्ही दिशांनी वाकवून बघा, ज्या दिशेने सहज वाकतो तीच घडीची दिशा. तंतूंना आडवी घडी घातली की पांढरे तंतू उघडे पडतात आणि दोष मात्र दुकानदाराला! घडीच्या आधी स्टीलच्या पट्टीला धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबायची, हे कुठल्याच व्हिडिओत धड सांगत नाहीत. ‘आता असं फोल्ड करा’ म्हणतात आणि पुढच्या क्षणी कार्ड तयार!

मुलग्यांना उघडणारं, सरकणारं, उभं राहणारं काहीतरी लागतं, हे कळायला काय मोठी अक्कल लागते? आत पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल उभी करा, भाड्याने माणसं नेणाऱ्या पायलटची पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल उभी करा, फुटबॉलचा गोलपोस्ट करा. ए५, म्हणजे अर्धा ए४, कागद दुमडला की प्रत्येक पान साडेदहा सेंटिमीटरचं. घडीवर साडेतीन सेंटिमीटर लांबीचे दोन समांतर काप द्यायचे आणि मधली पट्टी आत ढकलायची, पायरी तयार. आता हिशेब नीट ऐका: कार्ड मिटलं की ही पायरी घडीपासून कापाच्या दुप्पट अंतरावर येते, म्हणजे सात सेंटिमीटर. काप सहाचा दिलात तर बारा झाले, दीड सेंटिमीटर बाहेर डोकावणार. पायरीच्या तळाशी उभ्या केलेल्या सायकलीची उंचीही साडेसहाच्या वर नको, नाहीतर बंद कार्डातून चाक बाहेर. साधी बेरीज आहे, तरी दरवर्षी चाकं बाहेरच!

गळ टाकायला मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, बसणाऱ्या काकांसाठी ओढली की मासा वर येणारी पट्टी करता येते. पट्टी दोन सेंटिमीटर रुंद असेल तर खाच सव्वादोन ठेवा आणि आतल्या टोकाला चार सेंटिमीटरचा आडवा अडसर चिकटवा. खाच नेमकी दोनची ठेवली की आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागद फुगतो आणि मासा अर्ध्या पाण्यातच अडकतो. मग ओढाओढी, मग फाटाफाट.

आणि फेव्हिकॉल! सायबा रे, तो थापायचा नसतो. त्यातल्या पाण्याने पातळ कागद पापडासारखा फुगतो. सपाट कामाला ग्लू स्टिक, पायरीला दुहेरी चिकटपट्टी, एवढंच पुरतं. ग्लिटरच्या शीटवर ग्लू स्टिक धरत नाही, चकाकी झडून घरभर पसरते, वर कटरचं पातंही बोथट करते. २०२६ मध्ये १४ फेब्रुवारीला शनिवारीच कार्निव्हल सुरू झाला. चकाकी उधळायला ते चार दिवस होतेच की! बाबांच्या कार्डावर कशाला?

काळ्या कार्डावर निळ्या पेनने लिहिणाऱ्यांना तर काय म्हणावं! पांढरं जेल पेन मिळतं. ते सुकायला दोन-चार मिनिटं द्या, नाहीतर मिटल्यावर अक्षरांचा ठसा समोरच्या पानावर उमटतो.

शेवटचा राग चॉकलेटवर. कार्डावर चॉकलेट चिकटवून दुपारी दप्तरात ठेवायचं? फेब्रुवारीत आपल्याकडे पारा तिशी ओलांडतो, चॉकलेट वितळतं, तूपकट डाग आरपार जातो आणि सायकल, मासा, अक्षरं सगळं तपकिरी. फ्रिजमधून काढा आणि वेगळं हातात द्या.