अळंबीची कॅप्सूल आणि रोजची दारू

टिळकवाडीच्या आमच्या कट्ट्यावर काल विषय पेटला तो टेम्पोवाल्या दोस्ताच्या लिव्हरवरून. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, रक्ताच्या रिपोर्टात लिव्हरची दोन एन्झाइमं, त्यातलं एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट. गड्यानं रेशी मशरूमच्या कॅप्सूल मागवल्या, पण पिणं तसंच चालू.

"आता काय भ्या नाही बे, अळंबी लिव्हर सांभाळतीय की!"

मास्तर त्याच्या बाजूनं. "खोटं नाही ते. रेशीत पॉलिसॅकराइड, ट्रायटर्पिन अशी द्रव्यं असतात. दारू पाजलेल्या उंदरांच्या लिव्हरची सूज त्यानं कमी झालेली दिसलीय. तैवानात अँट्रोडिया नावाची अळंबी दारूच्या त्रासावर जुन्या काळापासनं देतात."

"उंदरांत, मास्तर!" मेडिकलवाला उसळला. "आणि तिथं अर्क बऱ्याचदा दारूच्या आधी नाहीतर सोबतच देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाचं तसं कुठं असतंय?"

मग त्यानं जे सांगितलं ते प्रत्येक पिणाऱ्याच्या घरात पोचायला हवं. लिव्हरमध्ये दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. रोज पिणाऱ्यात सीवायपी २ई१ हे एन्झाइम वाढतं, त्यातून पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची संयुगं सुटतात आणि त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन आटत जातं. अळंबीतली द्रव्यं उंदरांत हे ग्लुटाथायोन टिकवायला हातभार लावतात. वरून दारू ओतणं चालूच राहिलं तर तो हातभार कुठवर पुरणार? शिवाय रेशीच्या पावडरीनंच लिव्हर बिघडल्याच्या केसेस हाँगकाँग-थायलंडात नोंदल्या गेल्यात.

"मग आपली खानापूरच्या रानातली, पावसाळ्यातली अळंबी?"

"वारुळावरची, ओळखीची असली तर भाजी करून खा की. पण बिनओळखीची तोडू नको. अमॅनिटा नावाच्या विषारी अळंबीच्या काही जाती लिव्हरच संपवतात."

कॅप्सूलच्या भरवशावर पोरं पुढचा पेग भरतात, याचा मला खरंच राग येतो. फॅटी लिव्हरच्या पायरीवर दारू थांबवली तर काही आठवड्यांत चरबी उतरायला लागते. सिरॉसिसपर्यंत, म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कडक होईपर्यंत, गेल्यावर मागं फिरणं फार अवघड.

"मग उद्यापासनं बंदच करतो," टेम्पोवाला म्हणाला.

"एकदम तोडू नको!" मेडिकलवाल्यानं त्याचा हात धरला. "रोज जास्त पिणाऱ्यानं अचानक सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो. आधी डॉक्टरला खरं किती पितोस ते सांग, ते म्हणतील तशी सोड."

रेशीवरून दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. कॅप्सूलची बाटलीही डॉक्टरांपुढं ठेवायची, लपवायची नाही, एवढं मात्र मास्तरांनीही मानलं.