कापूस सोडा, दगड पेरा

भाऊ, अजून कापूसच पेरता? बाजूच्या वावरात बघा जरा. त्यानं मृगाआधी प्लॉटच्या हद्दीचे चुना मारलेले दगड पेरले आणि दिवाळीला चारचाकी दारात उभी. दगडाला बोंडअळी लागत नाही, डवरणी लागत नाही, रानडुकरं तर ढुंकूनही बघत नाहीत.

आधी नाव ठरवा. संत्र्याची बाग तोडून लेआउट पाडत असाल, तर नावात ‘ग्रीन’ हवंच. फ्लेक्सवर लिहा: समृद्धीला लागून, एअरपोर्ट 15 मिनिटं. कशात बसून, ते गिऱ्हाईक विचारत नाही.

नकाशा काढताना नाल्याचं फार मनावर घेऊ नका. गिऱ्हाईक एप्रिलच्या रविवारी येतं, तेव्हा नाला कोरडाच असतो. जेसीबी दोन दिवस फिरवला की त्यावर 41 ते 46 नंबरचे प्लॉट बसतात. पांदण आजोबांच्या बैलगाडीसाठी होती. आता बैल कुठे राहिले? 10 टक्के मोकळी जागा सोडायची असते, ती सोडा. नकाशात सोडा. जमिनीवर तिथं मारुतीचा ओटा बांधा, म्हणजे टेप घेऊन मोजायला यायची कोणाची छाती होत नाही. मुरमाचा रस्ता शेवटचा प्लॉट विकेपर्यंत टिकला, पुरे.

कायद्याला घाबरता? 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे खरा. 2023 मध्ये जिरायतीला कमीत कमी 20 आणि बागायतीला कमीत कमी 10 गुंठ्यांची मर्यादाही ठरली. मग तुकडा पाडूच नका! बारा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवा, आपसात काय ते वाटून घेतील. हातात ग्रामपंचायतीची टॅक्स पावती आली की माणसाला वाटतं, मालकी मिळाली.

आणि धीर धरा. 2001 चा गुंठेवारी कायदा म्हणाला, 1 जानेवारी 2001 पर्यंतचे विनापरवानगी पाडलेले प्लॉट नियमित करू, पुढचे नाही. 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि तीच तारीख 31 डिसेंबर 2020 वर गेली. कापसाला हमीभाव मिळो न मिळो, या पिकाला कधी ना कधी मिळतो.

राहिली काळी माती. ती पावसात फुगते, मे महिन्यात आकसते आणि उथळ पायाचं घर सोबत ओढते. अशा एका घरात खिडकीच्या कोपऱ्यातून स्लॅबपर्यंत तिरपी भेग गेलेली. घरमालकानं त्यात एसटीचं तिकीट खोचून ठेवलेलं, भेग वाढते का ते कळावं म्हणून. मी गेलो तेव्हा तिकीट खाली पडलेलं होतं. निवृत्तीचे सगळे पैसे त्या भिंतीत होते. पण विक्रीनंतरची भेग आपल्या खात्यात येत नाही, तुम्ही कशाला जीव जाळता?

नागपूरभोवतीच्या गावांसाठी 2017 पासून महानगर प्राधिकरणही आहे. म्हणजे नळ, नाली, दिवा विचारत कोणी आलं की ग्रामपंचायत, तहसील आणि प्राधिकरण अशी तीन दारं दाखवता येतात. चौथं दार तुमचं. ते बंद ठेवा.

फक्त जुलैत फोन उचलताना सांभाळा. 43 नंबरवाला छत्री घेऊन धुऱ्यावर उभा असेल, चपला चिखलात रुतलेल्या. विचारेल, “भाऊ, माझा प्लॉट नेमका कोणता?”

शांतपणे सांगा, “पाणी ओसरू द्या जी, दगड दिसतील.”